चार खाचा पुढे

३ तारीख, सोमवार

हे लिहायची वेळ मिस्त्रीमुळे आली. आज सकाळी आमच्या पिकअपच्या दारात उभं राहून त्याने साधा प्रश्न विचारला, "क्लच कधीपासून असा करतोय?" मी म्हटलं, शनिवारपासून. हे म्हणाले, "छे, दोन आठवडे तरी झाले." ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी कुठे बसते त्या गाडीत?" एका घरात तीन साक्षीदार आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मिस्त्री हसला. मला कोणी हसलेलं आवडत नाही. म्हणून ही वही. यापुढे जे दिसेल ते त्याच दिवशी, तारखेनिशी लिहायचं. अंदाज असेल तर 'अंदाज' असं स्पष्ट लिहायचं.

आजवरचं आधी नोंदवते. गेले सहा महिने क्लचचं पेडल जड लागत होतं. मी ते घरात वेळोवेळी सांगितलं, कोणी मनावर घेतलं नाही. हे एकदा म्हणाले, "पेडल जड झालंय की गुडघा?" त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. डाव्या गुडघ्याचं घरात कोणालाही ठाऊक नाही. वही खाजगी आहे, इथे लिहायला हरकत नाही.

शनिवारी खताची पोती घेऊन परतत होते. चौकात पेडल दाबलं आणि ते पाण्यात पाय जावा तसं तळाला गेलं. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला आनंद झाला. वाटलं, गुडघा बरा झाला! दुसऱ्या क्षणी गिअर करकरले, तिसऱ्या क्षणी गाडी आचका देऊन बंद पडली आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवर आडवा झाला. मी इंजिन बंद ठेवूनच पहिला गिअर टाकला, मग चावी फिरवली आणि गाडी उड्या मारत, पहिल्याच गिअरमध्ये, दोन किलोमीटर घरी आणली. रस्त्यातल्या लोकांनी पाहिलं असेल. पाहू दे.

मिस्त्रीचा निकाल बॉनेट उघडायच्या आधीच तयार. "क्लचप्लेट गेली, काकू. गिअरबॉक्स उतरवायचा. पंधरा-वीस दिवस धरा."

"तपासलंस काय?"

"वीस वर्षं हेच करतोय."

"वीस वर्षं न तपासता?"

तो उद्या येतो म्हणून गेला.

पंधरा-वीस दिवस आपल्याजवळ नाहीत. अठरा तारखेला सकाळी नऊच्या आत नव्या रुग्णालयाच्या आवारात आपल्या रोपवाटिकेतली साडेतीनशे रोपं पोहोचायची आहेत. एवढं मोठं काम आपल्याकडे पहिल्यांदाच आलं आहे. नेमका दुपारी मुलाचा फोन. "आई, गाडी काढून टाक आता. रोपवाटिकाही पुरे झाली. तुम्ही तिघं आमच्याकडे या." मी म्हटलं, "अठराला रोपं आपल्या गाडीने, वेळेवर पोहोचली नाहीत, तर फाटकाला मी स्वतः कुलूप लावीन आणि येईन. पोहोचली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." बोललेलं मी मागे घेत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो लगेच "बरं" म्हणाला. जरा जास्तच लगेच.

वन्सं तिथेच बसून ट्रेमध्ये बी पेरत होत्या. त्यांचा हात थांबला. मग पुढचा ट्रे ओढला.  नऊ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि त्या इथे आल्या, तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे ते ट्रे.

हे म्हणाले, "भाड्याचा टेम्पो आणू की."

"आपल्या गाडीने म्हणाले मी."

"कशाला म्हणालीस?"

 प्रश्नाची नोंद तेवढी करते.

४ तारीख, मंगळवार

मिस्त्री यायच्या आत मी तपासून ठेवलं. इंजिन बंद असताना पाचही गिअर आणि मागचा, सगळे गुपचूप पडतात. इंजिन चालू केलं की करकर. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष. पेडल पाच-सहा वेळा भराभर मारलं की थोडं वर येतं. पायाखाली धरून ठेवलं की हळूहळू बसतं. याला गळती म्हणतात. बंद नळीतल्या द्रवावर दाब दिला की तो दुसऱ्या टोकाला पोहोचलाच पाहिजे. पोहोचत नसेल तर वाटेत कोणीतरी खातंय. मी भौतिकशास्त्राची पदवी घेतली त्याला चाळीस वर्षं झाली, पण हा नियम अजून बदललेला नाही.

मिस्त्रीला हे सांगितलं. तो म्हणाला, "काकू, नियम बरोबर आहे, पण गाडी जुनी आहे."

मग मी पोतं अंथरून गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सच्या कुशीला एक छोटा सिलिंडर असतो. पेडलपाशी मोठा सिलिंडर आहे, तो तेल ढकलतो, ते नळीतून खाली येतं आणि हा छोटा एक दांडी पुढे सारतो. ती दांडी क्लच सोडवते. ह्यांना पेडल दाबायला बसवलं आणि दांडीला लाकडी पट्टी लावून मोजलं. "किती सरकायला हवी?" मी खालून विचारलं. मिस्त्री म्हणाला, "बारा-तेरा मिलिमीटर." सरकली चार. शिवाय सिलिंडरचं रबरी टोपण ओलं.

"नळाला पाणी नाही आणि तू बादली बदलायला निघालास," मी म्हटलं.

तो स्वतः खाली शिरला, पट्टी लावली, दोनदा मोजलं. मग म्हणाला, "तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"आणि तू साक्षीदार. गिअरबॉक्स उतरवायचा नाही. ठरलं?"

"ठरलं. पण हे तेल हाताला कसंतरीच लागतंय. परवा नीट बघतो."

आणखी दोन नोंदी. एक, शनिवारी निघताना ड्रायव्हरची सीट माझ्या मापापेक्षा चार खाचा पुढे होती आणि आरसा खाली झुकलेला. ह्यांचं काम असणार. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ह्यांनी गाडी चालवायचं सोडलं, पण अधूनमधून आत बसून रेडिओ ऐकतात. तरीही उंच माणूस सीट पुढे का घेईल? अंदाज: म्हातारपण. दोन, फाटकाच्या डाव्या खांबाचा ओरखडा अजून तसाच आहे. मागच्या महिन्यात कुरिअरच्या गाडीने तो पाडला. मी दोन पानी तक्रार पाठवली, अजून उत्तर नाही.

दुपारी वाचनालयात गेले. मंगळवार आणि शुक्रवार माझे वाचनालयाचे दिवस. म्हणजे घरात तसं सांगितलं आहे. वाचनालयाच्या शेजारच्या इमारतीत गुडघ्याला शेक देतात. येताना एक पुस्तक बदलून आणते, म्हणजे खोटंही होत नाही.

परत आले तर दोघं बहीणभाऊ पायरीवर बसलेले, शाळेला सुट्टी आणि बाहेर पाऊस असावा अशा तोंडांनी. एरवी मंगळवार-शुक्रवारी दोघं हौसेने "जरा लिंबं घेऊन येतो" म्हणून बाहेर पडतात. आपल्याकडे लिंबाची चाळीस झाडं आहेत.

६ तारीख, गुरुवार

आज खरा उलगडा, आणि तो माझ्या पथ्यावर पडला नाही.

मिस्त्रीने क्लचच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतलं रबर फुगून कानासारखं लोंबत होतं, परत बसेना. मिस्त्री म्हणाला, "यात कोणीतरी भलतंच तेल घातलंय. इथे ब्रेकचं तेल लागतं. इंजिनचं तेल घातलं की रबर फुगतं. आतली सगळी रबरं गेली समजा."

"समजा नको," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणला. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं, इंजिनचं तरंगतं. डबीतले चार थेंब टाकले. दोन विरले, दोन सोन्याच्या नाण्यांसारखे वर तरंगत बसले. मिस्त्री पेल्यात डोकावून म्हणाला, "हे मी दुकानात ठेवणार."

"पेला ठेवून जा."

ब्रेकची डबी वेगळी आहे. तिचंही तसंच तपासलं. स्वच्छ. हे आधी तपासायला हवं होतं. यापुढे आधी ब्रेक, मग बाकीचं.

मग चौकशी बसवली. बॉनेट कोणी उघडलं? हे लगेच कबूल झाले. "मीच. डबीत तेल कमी दिसलं म्हणून घातलं. दोन आठवडे झाले."

"कुठलं तेल?"

ह्यांनी शेडमधून बाटली आणून टेबलावर ठेवली. वर कागदी चिठ्ठी, निळी शाई: 'गाडीचं तेल.'

अक्षर माझं.

या घरात एकही बाटली नावाशिवाय राहत नाही, हा माझा नियम. रिकाम्या बाटल्या धुवायच्या, भरायच्या, चिठ्ठी लावायची. 'पानांवर फवारायचं', 'हात धुवायचं', 'गाडीचं तेल.' कुठल्या गाडीचं, कुठल्या भागाचं, हे लिहिलं नाही, कारण मला ते माहीत होतं.

"तुझ्या अक्षरावर कोण शंका घेणार?" हे म्हणाले. टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

मिस्त्रीने मला वाचवलं. म्हणाला, "मुळात खालचा सिलिंडर झिरपत होता, म्हणूनच तेल कमी झालं. तो वयाने गेला. वरचा या तेलाने गेला." म्हणजे अर्धा दोष काळाचा, अर्धा माझा. दोन्ही सिलिंडर, रबरी नळी, सगळं नवं. मधली लोखंडी नळी धुवून घ्यायची.

एक मात्र विचारायचं राहिलं. गाडी मी चालवते. पेडल मऊ झालेलं मला शनिवारी कळलं. ह्यांना दोन आठवडे आधीच बॉनेट उघडून बघावंसं का वाटलं? मी विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात वन्सं झटकन उठून रोपांना पाणी घालायला गेल्या. सकाळीच घातलं होतं. चिठ्ठीच्या ओशाळेपणात मीही विषय सोडला.

संध्याकाळी शेडमधल्या सगळ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या काढून नव्या लिहिल्या. एकोणचाळीस.

१० तारीख, सोमवार

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन आले, पिशवीत जुना खालचा सिलिंडर घेऊन; वरचा अजून गाडीतच आहे. दुकानदाराने न बघताच एक खोकं पुढे केलं. मी जुना आणि नवा शेजारी ठेवून तोंडांचा व्यास मोजायला लावला. नवा दोन मिलिमीटर मोठा. "चालून जातं हो," म्हणाला. मी म्हटलं, "तुमच्या चपला दोन नंबर मोठ्या आणते, चालून दाखवा." बरोबरचा गुरुवारी येणार. वरचा मिळाला. नळी मिळाली.

आठ दिवस उरले.

११ तारीख, मंगळवार

आजचं काम वरचा सिलिंडर काढायचं. तो पेडलच्या मागे, डॅशबोर्डखाली, अंधारात. मिस्त्री आडवा होऊन शिरला आणि त्याचं पोट स्टिअरिंगखाली अडकलं. ना आत, ना बाहेर. ह्यांनी आणि मी एकेक पाय धरून ओढला.

"हे उंदराचं काम आहे, काकू," तो धापा टाकत म्हणाला.

"मी बघू का?" मागून आवाज आला. वन्सं. ओच्याला हात पुसत उभ्या.

मी म्हणणार होते, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. पण त्या तोवर आत शिरल्याही होत्या. डोकं खाली, पाय सीटवर, चपला बाहेर नीट जोडून ठेवलेल्या.

"क्लचचं पेडल म्हणजे..." मिस्त्री सांगू लागला.

"डावीकडचं," आतून.

"त्याच्या वर एक पिन आहे, तिला बारीक चिमटा..."

"काढला."

"वॉशर पडेल, सांभाळा."

"हातात आहे. आता दोन नट. दहाचा पाना द्या. नाही, बाराचा."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी ह्यांच्याकडे. हे ढगांकडे. वीस मिनिटांत सिलिंडर बाहेर. आतली रबरं फुगून पेरूच्या फोडींसारखी झालेली. वन्संच्या कपाळावर काळा पट्टा आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हे सगळं कुठे शिकलात?"

"अंदाजाने, वहिनी."

बाई हुशार आहे. नऊ वर्षं मी तिला माती चाळायला लावली. ही नोंद महत्त्वाची वाटते, म्हणून खाली रेघ ओढते.

दुपारी वाचनालय. शेक देणारी बाई म्हणाली, "गुडघ्याला क्लच दाबायला लावू नका." मी म्हटलं, क्लच दुरुस्तीला टाकलाय. ती म्हणाली, "मी गाडीचं नाही बोलत." मग कशाचं बोलत होती?

१४ तारीख, शुक्रवार

दोन्ही सिलिंडर बसले. आता हवा काढायची. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल लिबलिबीत, कारण हवा दबते आणि तेल दबत नाही. खालच्या सिलिंडरच्या हवा सोडायच्या छोट्या पेचाला, म्हणजे बोंडीला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलाच्या बरणीत बुडवतात. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा खाली बोंडी सैल करतो, बुडबुडे निघतात, बोंडी घट्ट, मग पेडल सोडायचं. बोंडी उघडी असताना पेडल सोडलं की सगळं मुसळ केरात, हवा परत आत.

मी पेडलवर. मिस्त्री खाली.

"दाबा! धरा! ... सोडा!"

अकराव्या दाबाला गुडघ्यात कट् असा आवाज आला. मिस्त्री खालून ओरडला, "काय तुटलं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि उतरले. शास्त्रीय दृष्टीने बुडबुड्यांवर शिकलेल्या माणसाची नजर हवीच होती. बरणीपाशी मी बसले आणि वन्संना पेडलवर बसवलं.

त्यांनी बसताक्षणी हात खाली नेऊन सीट पुढे घेतली. खट, खट, खट, खट. मग दाब, धर, सोड. साठ वेळा. एकदाही घाई नाही, एकदाही पाय निसटला नाही, पेडल वर येताना पाय त्याच्याबरोबर हळूच येत होता. आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या काचेतून दूर. स्टिअरिंगचा या कामाशी काही संबंध नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी हात काढले, दोन मिनिटांनी परत तिथेच.

"पाय सवयीचा दिसतोय," मिस्त्री खालून म्हणाला.

ह्यांना ठसका लागला.

"शिलाई मशीन," मी म्हटलं. "बारा वर्षं पायाने मशीन चालवलंय त्यांनी."

"हो, मशीनच," हे घाईने म्हणाले. "दुसरं काय असणार."

शेवटच्या दहा दाबांत एकही बुडबुडा नाही. पेडल वर आलं आणि वरच राहिलं. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या, मी थोड्या.

१५ तारीख, शनिवार

दांडी: तेरा मिलिमीटर. मागचा गिअर: आवाज नाही. झाकणाचं रबर: नवं, सपाट. अंगणात दोन चकरा मारल्या. गाडी निर्दोष.

पेडल मात्र जड. नियमानेच जड असायला हवं, तेल दाबतंय तर पायाला कळणारच. मी मिस्त्रीला विचारलं, "आधीही एवढंच होतं का?"

तो पुसलेले हात पुन्हा पुसू लागला. "नवं रबर आहे ना, काकू. पहिले हजार किलोमीटर हलका पाय लागतो त्याला. हलका, लहानसा पाय." बोलताना बघत होता ह्यांच्याकडे.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"अनुभव."

वीस वर्षांचा अनुभव आहे, नोंद घेतली. उद्यापासून पातळ चपला घालून चालवणार.

१७ तारीख, सोमवार

सकाळी सरावाला एकटी चौकापर्यंत गेले. पाच सिग्नल व्यवस्थित. सहाव्याला पायाला सांगितलं दाब, पाय म्हणाला थांब. गाडी आचका देऊन बंद. तोच चौक. अंदाज: टेम्पोवालाही तोच. पहिल्या गिअरमध्ये घरी.

गाडीखाली शिरून दांडी पुन्हा मोजली. तेरा. तेल पुरेसं, गळती नाही. क्लचचा दोष नाही.

मग दोष कुठे, हे लिहायला ही वही आहे. पण आज नको.

संध्याकाळी तिघांनी मिळून रोपं चढवली. लिंबू, जास्वंद, गुलाब, सावलीची झाडं, साडेतीनशे. वन्सं प्रत्येक ट्रेला हात लावून मोजत होत्या. शेवटचा ट्रे ठेवल्यावर म्हणाल्या, "वहिनी, कुलूप कुठलं लावणार होतात हो तुम्ही फाटकाला? आपल्याकडे कुलूपच नाहीये." हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते. 

१८ तारीख, मंगळवार

सकाळी उठले तर गुडघा कोबीच्या गड्ड्याएवढा. वाकेना. भिंतीला धरून पायरीपर्यंत आले आणि बसले. साडेसात. समोर गाडी भरलेली, पानांवर पाणी शिंपडलेलं, क्लच उत्तम, आणि मी.

हे म्हणाले, "मी चालवतो."

"तुम्हाला काल रस्त्यावरची म्हैस आणि मोटारसायकल यांतला फरक विचारावा लागला."

"म्हैसच होती ती."

"मोटारसायकल होती!"

पावणेआठ. मी मनातल्या मनात मुलाला फोन करायची वाक्यं जुळवायला लागले. दोन वाक्यं जुळलीही.

तेवढ्यात वन्संनी चिखलाचा एप्रन सोडला, घडी केली, कमरेच्या पिशवीतून एक कार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. वाहन चालवायचा परवाना. फोटो त्यांचा. तारीख चार महिन्यांपूर्वीची.

मी तो दोनदा वाचला. मागची बाजूही वाचली.

"कधी शिकलात?"

"तुम्ही वाचनालयात जाता ना वहिनी, तेव्हा. शिकवणीच्या छोट्या गाडीवर आधी, मग दादाबरोबर हिच्यावर."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाटलं असतं, तुमच्याकडून काढून घेतोय."

"मला असं का वाटेल?"

 मग वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, वाचनालयातून आणता त्या पुस्तकांना मलमाचा वास येतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ढगांकडे. आज आभाळ निरभ्र होतं.

पुढचं भराभर झालं. मला दोघांनी उचलून खिडकीशी बसवलं, हे मध्ये, वन्सं चाकाशी. चार खाचा पुढे, आरसा खाली. क्लच दाबला, मागचा गिअर आवाज न करता पडला आणि भरलेली पिकअप फाटकातून एका दमात मागे गेली. मला त्यासाठी तीन दम लागतात. खांबाजवळून जाताना मी म्हटलं, "जपून, तो ओरखडा कुरिअरवाल्याने..."

"तो मीच, वहिनी. हिच्यावरच्या तिसऱ्या धड्याला."

कुरिअरवाल्याला माफीचं पत्र उद्या. एका पानाचं पुरे.

त्या चौकात मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चौक मागे पडला होता. गिअर बदललेलेही कळले नाहीत. हे कानाशी पुटपुटले, "तुला शिकवताना तू मला दोनदा गाडीतून उतरवलं होतंस. हिने एकदाही नाही."

"तुम्ही तेव्हा ओरडत होतात."

"तूही."

आठ पन्नासला रुग्णालयाच्या आवारात. रोपं उतरली, मोजली, साडेतीनशे, एकाचंही पान मोडलेलं नाही. तिथूनच मुलाला फोन लावला.

"पोहोचली. आपल्या गाडीने. नऊच्या आत."

"चालवली कोणी?"

"अट गाडीची होती. विषय संपला."

तो हसत होता. हा काही हरलेल्या माणसाचा आवाज नव्हे. यालाही सगळं ठाऊक होतं की काय? अंदाज: होतं.

परतताना रुग्णालयातच गुडघा दाखवला. आलोच होतो. मिस्त्रीप्रमाणे तिथल्या डॉक्टरनेही आधी निकाल सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, आधी तपासा. तपासलं. सहा आठवडे क्लच बंद. नंतरचं नंतर.

आता शेवटची नोंद, कारण ज्यासाठी ही वही उघडली ते काम संपलं.

आज संध्याकाळी पाच वाजता, अंगणात, ह्यांच्या समोर, वन्संच्या हाती दिलं ते असं: गाडीच्या चाव्या दोन, मूळ आणि जादाची. दहा आणि बाराचे पाने. लाकडी पट्टी, तेरा मिलिमीटरवर निळी खूण केलेली. तेलाची नवी बाटली, चिठ्ठी: 'फक्त क्लच आणि ब्रेकच्या डबीत. इंजिनमध्ये नाही. शंका आली तर विचारा.' त्याखाली वन्संनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'कोणाला?' मी लिहिलं, 'एकमेकींना.' बी पेरायचे ट्रे आणि चाळणी त्यांच्याकडून माझ्याकडे आली; ते काम बसून होतं.

कारण: नव्या रबराला पहिले हजार किलोमीटर हलका पाय लागतो, असं मिस्त्रीचं म्हणणं. हे म्हणाले, "आणि हजार झाल्यावर?" मी म्हटलं, मिस्त्रीला विचारू.

परत आल्यावर रेडिओ बंद करायला मी दाराला धरून गाडीत हात घातला होता, तेव्हा सवयीने सीटही माझ्या मापाला मागे घेतली गेली. चाव्या देण्याआधी पुन्हा आत हात घातला आणि पुढे सरकवली. चार खाचा. मोजून.